पाहुण्याचा कॅमेरा

नाशिककरांना सिनेमाविषयी काही सांगायला बसणे म्हणजे गोदामाईला पाण्याचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, हे आम्ही जाणून आहोत. दादासाहेब फाळके 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणल्यावर त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशकास हलविले, आणि 1944 साली देहही येथेच ठेवला. फाळके 1912 साली विलायतेला गेले, तेथील विद्या पाहून आले आणि ती इथल्या मातीत पेरली. आज ज्या माणसाची हकीकत आम्ही सांगणार आहोत त्याचा प्रवास मात्र उलट्या दिशेचा आहे. तो परदेशातून आपल्याकडे आला, आपल्या कथा आपल्याच माणसांना घेऊन चित्रित केल्या आणि एके दिवशी पोलिसांच्या पहाऱ्यात इथून गेला. त्याचे नाव फ्रान्झ ऑस्टेन. 'अछूत कन्या' ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी त्याचे काम पाहिले आहे. नाव मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते.

गेटसभेत बोलणाऱ्या माणसाने सिनेमाच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. कारण सांगतो. 'अछूत कन्या'तील नायिकेचा बाप रेल्वेच्या फाटकावरचा गेटमन आहे आणि त्याची नोकरी जाते. ज्या चित्रपटात एका कामगाराची नोकरी जाते, तो पाहण्याचा आणि तपासण्याचा हक्क आम्हांसही आहे.

ऑस्टेनचे खरे आडनाव ऑस्टरमायर. जन्म 1876 चा, जर्मनीतील म्युनिक शहरचा. घरात छायाचित्रणाचा धंदा होता. 1907 साली त्याने व त्याचा भाऊ पीटर याने एक फिरता सिनेमा काढला. त्यात त्यांनी दाखविलेल्या फिल्मांपैकी एकीचे नाव होते 'हिंदुस्थानातील जीवन'. दोन खेळ झाले न झाले तोच यंत्र आणि फिल्म यांनी पेट घेतला. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती पेटायला निमित्तच हवे असे. हिंदुस्थान ज्याने डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्याच्या हातून तो असा एकदा जळून गेला. पुढे अठरा वर्षांनी तो स्वतःच येथे येऊन दाखल झाला.

त्याला आणले ते हिमांशु राय यांनी. हे बंगाली गृहस्थ कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले आणि नाटकात रमले. तेथे त्यांना बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन पाल भेटले. तेही लंडनलाच राहून नाटके लिहीत. दोघांनी मिळून बेत केला की भगवान बुद्धाच्या चरित्रावर चित्रपट काढावा. आधार घेतला एडविन आर्नल्ड या इंग्रज कवीच्या काव्याचा. पैसा हिंदुस्थानात उभा करावयाचा, आणि कॅमेरा, कॅमेरामन व दिग्दर्शक म्युनिकच्या एमेल्का कंपनीने द्यावयाचे. मोबदल्यात युरोपातील वितरणाचा हक्क तिचा, असा सौदा ठरला. ही एमेल्का म्हणजे ऑस्टेनच्या भावाने उभारलेली कंपनी. 1925 च्या मार्चमध्ये ऑस्टेन मुंबईच्या बंदरात उतरला. त्याच्याबरोबर जी दोन-तीन माणसे होती, त्यांत जोसेफ विर्शिंग नावाचा बाविशीच्या घरातला एक कॅमेरावाला पोरगा होता. त्याच्याकडे आपल्याला शेवटी परत यावयाचे आहे, म्हणून त्याचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तो चित्रपट 'प्रेम संन्यास'. मूकपट होता. त्याची सुरुवात सिद्धार्थापासून होत नाही. पडद्यावर आधी येतात ते त्या वेळच्या हिंदुस्थानातले रस्ते, गर्दी, देवळे, मशिदी आणि ते पाहत हिंडणारे गोरे प्रवासी. हे प्रवासी हिंडत हिंडत बोधगयेला पोहोचतात. तेथे बोधिवृक्षाखाली त्यांना एक म्हातारा भेटतो, तो गोष्ट सांगू लागतो, आणि मग राजवाडा, यशोधरा, रथ हे सारे सुरू होते. म्हणजे दाराशी अनुबोधपट आणि आत कथापट. शिवाय आरंभीच्या पाटीवर प्रेक्षकांना स्पष्ट बजावलेले आहे की, या चित्रपटात स्टुडिओतले देखावे नाहीत, कृत्रिम दिवे नाहीत, खोटे सामान नाही आणि रंगभूषाही नाही.

या पाटीचे आम्हांस नेहमी नवल वाटते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजपुत्राची गोष्ट, तो राजपुत्र झाला आहे एक बंगाली वकील, गोपा झाली आहे सीतादेवी हे पडद्यावरचे नाव घेतलेली एक अँग्लो-इंडियन मुलगी, कपिलवस्तु म्हणून दाखविले आहे ते जयपूर संस्थान. आणि वर ग्वाही अशी की यात खोटे काही नाही! पण जरा थांबून पाहिले तर त्या ग्वाहीतही तथ्य आहे. ऊन खरे आहे. भिंती खऱ्या आहेत. जयपूरच्या महाराजांनी दिलेले हत्ती आणि घोडे खरे आहेत. आणि मिरवणुकीत चालणारी माणसे तर कोणत्याही नटापेक्षा खरी आहेत. त्यांतली कित्येक कॅमेऱ्याकडे अशा काही नजरेने पाहतात की बुद्धाची गोष्ट क्षणभर बाजूला राहते आणि 1925 सालचा एक राजस्थानी रयत तुमच्याकडे पाहत उभा राहतो.

हे दोहोंचे मिश्रण ऑस्टेनने शोधून काढले असे नव्हे. जगात सर्वत्र त्या काळी हेच चालले होते. अमेरिकेच्या रॉबर्ट फ्लॅहर्टीने 1922 साली उत्तर ध्रुवाकडच्या एस्किमोंचा 'नानूक' हा चित्रपट काढला, तो अनुबोधपटांचा आद्य ग्रंथ मानला जातो. पण बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड पुरेना, तेव्हा त्याने मुद्दाम मोठे आणि एका बाजूने उघडे असे घर बांधून घेतले, आणि बिचाऱ्या नानूकच्या बायकापोरांना त्या उघड्यावर झोपल्याचे सोंग करावयास लावले. पुढे त्याच फ्लॅहर्टीच्या दुसऱ्या एका चित्रपटाविषयी लिहिताना 1926 साली जॉन ग्रिअर्सनने 'डॉक्युमेंटरी' हा शब्द या अर्थाने वापरला, आणि तो रूढ झाला. अशा कामाला आधी सोंगाचा हात लागला आणि मग नाव मिळाले, असा हा प्रकार आहे. तेव्हा खरे किती आणि रचलेले किती, याचा हिशेब प्रत्येक चित्रपटाचा वेगळा मांडावा लागतो.

'प्रेम संन्यास' युरोपात चालला. इंग्लंडच्या बादशहाने तो विंडसरच्या राजवाड्यात पाहिला. लंकेत व मलायात मात्र त्यावर बंदी आली. बुद्धाचे सोंग नटाने आणावे हे तेथील बौद्धांना रुचले नाही. आणि हिंदुस्थानात तो पडला. आपल्याच देशाची ओळख करून देणारा प्रवासी आपल्याला कशाला हवा? बोधगयेला म्हातारा जे सांगतो ते गोऱ्या पाहुण्यांना सांगतो. आपण मागे उभे राहून ऐकतो.

त्यानंतर ऑस्टेन आणखी दोनदा येऊन गेला. 1928 साली 'शिराझ' झाला, ताजमहालाच्या जन्माची एक कल्पित कथा, आणि 1929 साली 'प्रपंच पाश', महाभारतातल्या द्यूतावरून बेतलेला. या दुसऱ्या चित्रपटात दहा हजारांवर माणसे आणि हजारभर घोडे होते असे सांगतात. हे सारे संस्थानिकांकडून आले. आता आम्ही ज्या धंद्यात आयुष्य काढले त्या धंद्याची खोड अशी की, पडद्यावर दहा हजार माणसे दिसली म्हणजे पहिला प्रश्न मनात येतो : यांना हजेरी काय मिळाली? संस्थानिकाने माणसे 'दिली', हत्ती 'दिले', असे एकाच दमात लिहिलेले वाचले की आमच्या कानाला 'वेठ' हा शब्द ऐकू येतो. पण या मूकपटांचे आजचे मोल विचाराल तर ते त्याच माणसांत आहे. 'शिराझ' आणि 'प्रपंच पाश' यांच्या प्रती अलीकडे लंडनला दुरुस्त करून नव्या संगीतासह दाखविल्या गेल्या. प्रेमाची गोष्ट पाहून कोणाला फारसे काही वाटत नाही. पागोट्याची घडी, पाणक्याची चाल, घोड्याच्या लगामाची पकड पाहून वाटते. दिग्दर्शकाने जे मागे म्हणून ठेवले, तेच नव्वद वर्षांनी पुढे आले आहे.

मग बोलपट आला आणि सगळे फिरले. ध्वनिग्रहणाचे यंत्र हे मोठे नाजूक प्रकरण. रस्त्यावर उभे राहून संवाद घ्यावे तर टांगा, कावळा, फेरीवाला सगळेच त्यात येतात. म्हणून कॅमेरा उन्हातून उठला आणि चार बंद भिंतींच्या आत जाऊन बसला. हिमांशु राय यांनी 1934 साली मुंबईजवळ मालाडला 'बॉम्बे टॉकीज' ही कंपनी स्थापन केली, ती रीतसर नोंदलेली, भागभांडवलाची, संचालक मंडळ असलेली. सिनेमाच्या धंद्यात तेव्हा ही गोष्ट अपूर्व होती. ऑस्टेन दिग्दर्शक, विर्शिंग कॅमेऱ्यावर, देखाव्यांसाठी कार्ल फॉन श्प्रेटी, रसायनशाळेत विल्हेल्म झोले, असा जर्मन गोतावळा मालाडला जमला. 1935 ते 1939 एवढ्या काळात ऑस्टेनने तेथे सोळा बोलपट दिग्दर्शित केले. गंमत अशी की त्याला हिंदी येत नव्हते! शब्द कळत नसताना संवाद कसे बसवीत असतील, असा आम्हांला प्रश्न पडे. पण बोलपट पाहताना उत्तर सापडते. तो कानाने नव्हे, डोळ्याने दिग्दर्शन करी. नाटकी आवाज, हातवारे, पल्लेदार स्वगते यांची जी लाट तेव्हाच्या बोलपटांत उसळली होती, तिच्या मानाने मालाडची माणसे शांत बोलतात आणि कॅमेरा त्यांचे चेहरे नीट पाहतो. हा त्याचा गुण. दोष असा की, त्याचे हिंदुस्थानी खेडे प्लास्टरचे झाले. स्वच्छ वाटा, टापटीप झोपड्या, मधोमध एक झाड. ऑस्टेनने आपल्या देशात बव्हेरियाच्या डोंगरी खेड्यांच्या, तिथल्या मानापमानाच्या आणि हट्टी बापांच्या कथा चित्रित केल्या होत्या. मालाडचे खेडे आणि ते खेडे यांची सोयरीक आम्हांस तरी स्पष्ट दिसते.

आता 'अछूत कन्या'. साल 1936. कथा निरंजन पाल यांची. याचीही सुरुवात 'प्रेम संन्यास'सारखीच आहे, हे फारसे कोणी बोलून दाखवीत नाही. रात्रीची वेळ, रेल्वेचे फाटक, मोटारीतून आलेले एक श्रीमंत जोडपे तेथे अडते. जवळच एका स्त्रीचे छोटेसे स्मारक आहे. तेथला साधू त्या बाईला गोष्ट सांगू लागतो. बोधगयेच्या म्हाताऱ्याच्या जागी साधू आला, गोऱ्या प्रवाशांच्या जागी मोटारवाले आले. पाहुणा येतो, विचारतो आणि गावचा माणूस सांगतो. ऑस्टेनला हाच एक दरवाजा ठाऊक होता आणि तो प्रामाणिकपणे त्यातूनच आत शिरला.

आतली गोष्ट अशी. दुखिया हा अस्पृश्य गेटमन. त्याने मोहन नावाच्या ब्राह्मण दुकानदाराला सर्पदंशातून वाचविलेले. दुखियाची मुलगी कस्तुरी आणि मोहनचा मुलगा प्रताप लहानपणापासून एकत्र वाढतात. देविका राणी आणि अशोक कुमार. लग्न होणे शक्यच नसते. दुखिया आजारी पडतो तेव्हा मोहन त्याला आपल्या घरी आणतो, म्हणून गाव चवताळून त्याच्यावर चालून येते, आणि त्या दंगलीत मोहन जबर जखमी होतो. आता शहरातून डॉक्टर आणावयाचा तर कसा? दुखिया रुळावर जाऊन मेल गाडी थांबवितो. गाडी विनापरवाना थांबविली म्हणून त्याची नोकरी जाते. पुढे प्रतापचे लग्न दुसरीकडे होते, कस्तुरीचे नव्या गेटमनशी होते, संशय वाढतो, आणि फाटकावरच दोघे पुरुष एकमेकांच्या उरावर बसलेले असताना येणारी गाडी थांबविण्यासाठी कस्तुरी रुळावर धावते आणि मरते. स्मारक तिचे.

आमच्या युनियनच्या खोलीत एकदा रविवारी आम्ही दहा-बारा जणांनी हा चित्रपट पाहिला. हल्ली तो सहज पाहायला मिळतो. मंडळींत एक सेवानिवृत्त गेटमन होते. गाणी चालू असताना ते निवांत सुपारी कातरीत बसले होते. दुखियाने गाडी थांबविली तेव्हा अडकित्ता थांबला. म्हणाले, "भाऊ, गेला हा. याला आता देवसुद्धा सोडवीत नाही." पुढे नोकरी गेली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "चौकशी नाही? याच्या बाजूने बोलायला कोणी नाही?" चित्रपटात कोणी नाही. आम्ही पाहिलेल्या अनेक विद्वान परीक्षणांत हा प्रश्न आम्हांला आढळला नाही.

आणि याच प्रश्नापाशी आपल्या जिल्ह्याचा इतिहास येऊन उभा राहतो. 2 मार्च 1930 रोजी नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि त्यांचे सहकारी उन्हातान्हात मंदिराच्या दारांशी बसले. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड खाल्ले. वर्षानुवर्षे लढा चालला आणि दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यास डॉ. आंबेडकरांनी सांगितले की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर वर्षभराच्या आत-बाहेर मालाडला 'अछूत कन्या' तयार झाला. आणि 12 व 13 फेब्रुवारी 1938 रोजी आपल्या मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते. तेथे त्यांनी कामगारांचे शत्रू दोन असल्याचे सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला हमालाची जागासुद्धा देत नाहीत, कारण हमालाला स्टेशन मास्तरच्या घरचीही कामे सांगतात आणि घरात विटाळ चालत नाही. हे त्यांनी तेथे उघड मांडले.

पडद्यावरचा दुखिया आणि मनमाडच्या मंडपात बसलेले गँगमन एकाच खात्यातले नोकर. दोघांच्यात अंतर दोन वर्षांचे. पण ऑस्टेनच्या दुखियाला भाऊबंद नाहीत, जमात नाही, सभा नाही. त्याला एक दयाळू ब्राह्मण आहे. कस्तुरीला तर बोलण्याची एकच वाट ठेवली आहे, मरण. मेल्यावर तिचा दगड होतो आणि दगडाला लोक हात जोडतात. जिवंतपणी ज्या बाईला विहिरीवर येऊ देणार नाहीत, तिला मेल्यावर देवी करणे ही आपली फार जुनी सोय आहे. त्यात जर्मन माणसाला दोष कसा द्यावा? कथा आपलीच होती, लेखक आपला होता, निर्माता आपला होता. ऑस्टेनने अनुबोधपटाची चौकट बांधून दिली आणि आपण तिच्यात आपल्याला सोसेल एवढेच सत्य बसविले. आगगाडी तेवढी खरी राहिली. त्या चित्रपटात गाडी येते तेव्हा पडद्यावरचे प्लास्टरचे खेडे एकदम हलते, आणि एक क्षणभर असे वाटते की 1936 सालचा खरा हिंदुस्थान रुळावरून धडधडत चालला आहे, कोणासाठीही न थांबता.

इतके असूनही त्या वेळी हा चित्रपट काढणे ही लहान गोष्ट नव्हती, हेही सांगितले पाहिजे. तो तुफान चालला. ज्या घरांत अस्पृश्यतेचा विषय निघाला की ताटावरून माणसे उठत, त्या घरांतल्या मुलींनी कस्तुरीसाठी डोळे पुसले असतील. रडणे आणि बदलणे यांत अंतर आहे. पण न रडणारे तर मुळीच बदलत नाहीत, असा आमचा गेटसभांतला अनुभव आहे.

आता जे सांगावयाचे ते सांगताना आम्हांस अवघड वाटते. ज्या 1936 साली 'अछूत कन्या' पडद्यावर आला, त्याच साली फ्रान्झ ऑस्टेन हिटलरच्या नाझी पक्षाचा सभासद झाला. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारा, ज्यूंना दुकानांतून, शाळांतून, शेवटी जगातूनच घालविणारा तो पक्ष. त्याच मुंबईत त्या वेळी प्राहाहून आलेला वॉल्टर कौफमान हा ज्यू संगीतकार आकाशवाणीत काम करीत होता. आकाशवाणीची सकाळची ओळखीची धून त्याचीच. एकाला त्या पक्षामुळे देश सोडावा लागला आणि दुसऱ्याने इथे बसून त्या पक्षाची पावती फाडली. परदेशातील पुष्कळ जर्मनांनी नोकरीपाण्याच्या सोयीसाठी सभासदत्व घेतले असे सांगतात. असेल. पावती कशी घेतली जाते हे आम्हांला सांगायला नको. आयुष्यभर तेच काम केले आहे. काही श्रद्धेने घेतात, काही शेजाऱ्याने घेतली म्हणून घेतात, काही भीतीने घेतात. पण पावतीवर नाव असते ते असतेच. अस्पृश्यतेच्या अन्यायावर प्रेक्षकांना रडविणारा कॅमेरा ज्याच्या हुकुमाने फिरला, त्याला आपल्या गावच्या अस्पृश्यतेचे काहीच वाटले नाही. परक्याच्या घरातला अन्याय नीट दिसणे आणि आपल्या घरातला न दिसणे हा रोग काही केवळ जर्मन नव्हे, म्हणून तर आम्हांस अवघड वाटते.

दुसरी बाजूही आहे. बॉम्बे टॉकीजच्या उपाहारगृहात सगळ्या जातींची माणसे एकत्र जेवत. वरच्या हुद्द्याचा, खालच्या हुद्द्याचा असा भेद तेथे पाळीत नसत. संगीत दिग्दर्शिका सरस्वतीदेवी या पारशी घरच्या खुर्शीद मिनोचर-होमजी. चित्रपटात काम करतात म्हणून त्यांच्या समाजाने गहजब केला, तरी त्या डगमगल्या नाहीत. म्हणजे पडद्यावर जे लग्न होऊ शकले नाही, त्याच्या निम्मे तरी त्या कंपनीच्या पंगतीत रोज दुपारी घडत होते. त्या जेवणाचे चित्रण जर ऑस्टेनने केले असते! पण पंगत ही कथा नव्हे, असे तेव्हा वाटले असणार.

1939 च्या सप्टेंबरमध्ये युद्ध पुकारले गेले तेव्हा मालाडला 'कंगन'चे काम चालू होते. सरकारने जर्मन नागरिकांना धरले. अहमदनगर, आपली देवळाली, पुढे देहराडून अशा छावण्यांतून या लोकांना ठेवीत. ऑस्टेन साठी ओलांडलेला होता. तो सुटला आणि 1940 साली मायदेशी परतला. 1956 साली तो वारला. पुन्हा हिंदुस्थान त्याने पाहिला नाही. हिमांशु राय तर 1940 च्या मे महिन्यातच गेले.

छावण्यांतून बाहेर आलेल्या जर्मनांपैकी आणखी एकाचा उल्लेख येथे केला पाहिजे. पॉल झिल्स. हाही हिंदुस्थानात स्थानबद्ध होता. सुटल्यावर त्याने मुंबईतच अनुबोधपटांचे काम आरंभिले आणि 1950 साली 'हिंदुस्थान हमारा' काढला. त्यात पृथ्वीराज कपूर, दुर्गा खोटे, देव आनंद अशी नामांकित मंडळी होती आणि विषय होता देशाची शेती, उद्योग, माणसे. ऑस्टेनने कथेच्या दाराशी वास्तव उभे केले होते. झिल्सने वास्तवाच्या मंडपात नट आणून बसविले. नव्या स्वतंत्र देशाला आपले तोंड आरशात पाहावयाचे होते, पण आरसा धरणारा हात पुन्हा एकदा पाहुण्याचाच होता.

मालाडचे पुढे काय झाले? भागीदारांत फाटाफूट झाली, देविका राणींनी 1945 साली सिनेमा सोडला, नवे मालक आले, कर्ज वाढले. 1954 साली 'बादबान' नावाचा चित्रपट आला. अशोक कुमार, देव आनंद, मीना कुमारी, उषा किरण अशी मोठी नावे त्यात होती. पण पाटीवर निर्माता म्हणून कोणा शेठजीचे नाव नव्हते. तेथे होती बॉम्बे टॉकीजच्या कामगारांची औद्योगिक सहकारी सोसायटी. डबघाईला आलेली कंपनी वाचवावी म्हणून सुतार, वायरमन, रसायनशाळेतले लोक यांनी स्वतः चित्रपट काढला! कंपनी वाचली नाही. आज तेथे लहान कारखान्यांचे गाळे आहेत आणि स्टुडिओच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. दुखियाच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते. त्याच कंपनीत अठरा वर्षांनी कामगारांनी आपल्या बाजूने बोलून पाहिले, हे आम्ही चित्रपटाच्या इतिहासाइतकेच महत्त्वाचे मानतो. 'बादबान'चा विषय निघाला की जाणते लोक गाण्यांविषयी बोलतात. सोसायटीविषयी कोणी बोलत नाही.

राहिला विर्शिंग. 1925 साली ऑस्टेनबरोबर आलेला तो पोरगा. बॉम्बे टॉकीजचे चित्रपट त्यानेच टिपले. युद्धात तोही स्थानबद्ध झाला, पण सुटल्यावर तो गेला नाही. इथेच राहिला. 1949 सालच्या 'महल'मधला तो अंधार, तो हलणारा झोपाळा, ते हातात दिवा घेऊन जाणारे सावट त्याच्या कॅमेऱ्याचे आहे. 'पाकीझा'चे काम चालू असताना 1967 साली तो मुंबईतच वारला. चित्रपट 1972 साली पडद्यावर आला. त्याला पाहुणा म्हणावे की घरचा, हे आता कोणी विचारीत नाही.

चलच्चित्राबरोबरच विर्शिंग साध्या कॅमेऱ्यानेही फोटो काढीत असे. ते त्याच्या कुटुंबाने गोव्यात जपून ठेवले आणि 2017 साली पणजीला त्यांचे प्रदर्शन भरले. त्यांत देविका राणी आहेत, अशोक कुमार आहेत, ऑस्टेनही आहे. पण त्यांच्या अवतीभवती पाहावे. दिवे धरणारे, रूळ सरकविणारे, शिडीवर चढलेले, छत्री धरून उभे असलेले, दमून खाली बसलेले लोक त्यांत आहेत. ऑस्टेनला सोळा बोलपटांत जो अनुबोधपट करावयास सुचला नाही, तो त्याच्या कॅमेरावाल्याने कामाच्या मधल्या सुट्टीत करून ठेवला आहे. आता त्या फोटोंतल्या माणसांची नावे कोणीतरी शोधून लिहावयास हवीत. मालाडकडच्या जुन्या घरांतून कोणाचा आजोबा त्या शिडीवर असेल, तर त्याच्या नातवंडांनी तो फोटो पाहून एवढे तरी सांगावे की शिडीवरचा तो माणूस कोण, आणि त्याला पगार किती होता.